कडेवरचं नाव: पहिल्या महायुद्धातलं पदक कोणाचं, हे कसं शोधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या बाजारातून तुम्ही दोन पदकं घेतलीत, एक चांदीचं आणि एक कांस्याचं. दोन्हींच्या कडेवर तोच चार आकडी नंबर (फक्त तिसरा आकडा एकावर ३ वाटतो, दुसऱ्यावर ८), शिपाई हा हुद्दा, एक मराठी नाव आणि '११० मराठा लाइट इन्फंट्री' असं इंग्रजीत उठवलेलं आहे. विकणाऱ्याने 'सातारकडची आहेत' एवढंच सांगितलं. पदकं अस्सल आहेत का, घासून लख्ख करावीत का, हा माणूस कोण होता आणि त्याच्या घरच्यांना ती परत द्यावीत का, हे तुम्हाला हवं आहे. शिवाय एकाने ती परदेशात विकायला पाठवा असं सुचवलंय.

मी बावीस वर्षं पहिल्या महायुद्धातल्या भारतीय पलटणींची पदकं जमवतोय आणि ज्याचं पदक त्याचा माग काढतोय. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलतो, कारण सगळ्यांचं उत्तर एकाच जागी आहे: त्या कडेवर. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांची आठवण बसऱ्याच्या स्मारकावर आहे, ४० हजारांहून जास्त माणसांची. पण तिथल्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांपर्यंतच नावं पोचली. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा कोरला, 'आणि इतर इतके भारतीय सैनिक' अशा धर्तीवर. त्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत गेली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून ही असमान वागणूक कबूल केली आणि माफीही मागितली. म्हणजे तुमचा शिपाई तिकडे मेला असेल, तर त्याचं नाव उठवलेली जागा जगात बहुधा हीच, या पदकाची कड. म्हणून आधी हात जोडून सांगतो, ती घासू नका. चिंच नको, राख नको, पितांबरी नको, सराफाकडचं पॉलिशही नको. चांदी काळी पडली तर पडू द्या. तो थर धातूचं नुकसान करत नाही, घासणं मात्र दर वेळी अक्षरांची धार थोडी थोडी नेतं. घरात दर दसऱ्याला घासलेली पदकं मी पाहिली आहेत. राजाचं नाक गेलेलं असतं आणि नंबरातला ३ आहे की ८, हे देवालाच ठाऊक.

आता अस्सलपणा. चांदीचं आहे ते ब्रिटिश वॉर मेडल. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न स्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी. शिवाय १९१४ आणि १९१८ ही सालं. कांस्याचं आहे ते व्हिक्टरी मेडल, त्यावर पंख पसरलेली विजयदेवता आणि मागे १९१४-१९१९. दोन्ही साधारण ३६ मिलिमीटरची. व्हिक्टरी मेडलची फीत इंद्रधनुषी असते, वॉर मेडलची मधे केशरी आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या, काळ्या, निळ्या रेघा. फितीवरून मात्र काहीच ठरवू नका. शंभर वर्षांत फीत तीनदा बदललेली असू शकते आणि नवी फीत कुठेही मिळते.

नकली पदकं बहुतेक ओतीव असतात. भिंगाखाली धरलंत तर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, स्वाराची बोटं आणि घोड्याची आयाळ मेणासारखी गुळगुळीत वाटते. पण खरं सांगायचं तर मराठा पलटणीच्या शिपायाचं साधं पदक आख्खं नकली बनवायची तसदी फारसं कोणी घेत नाही. फसवणूक वेगळीच होते. अस्सल पदकाच्या कडेवरचं मूळ नाव कानशीने घासून काढतात आणि भाव येईल अशा पलटणीचं नाव ठोकतात. त्यासाठी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) व्यास चार ठिकाणी मोजा. कुठे कमी भरला, किंवा कडेचा कोपरा गोलसर आणि अक्षरं मात्र नवी करकरीत असली, तर सावध व्हा. मूळ अक्षरं ठशांनी ठोकलेली असतात, त्यामुळे सगळी साधारण सारख्या खोलीची असतात. सुईने कोरलेल्या अक्षरांत रेघ सुरू होते तिथे बारीक आणि मधे जाड दिसते. तो एक आकडा सोडला तर तुमच्या दोन्ही पदकांवर तोच नंबर आणि तेच नाव आहे ही चांगली खूण आहे. दोन्ही कडांवरच्या ठशांची तुलना करा, म्हणजे आणखी खात्री होईल.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण जुन्या बाजारात हे हमखास चुकतं. चांदीऐवजी कांस्याचं ब्रिटिश वॉर मेडल दिसलं तर ते नकली म्हणून टाकून देऊ नका. ते तसंच निघालं होतं, लेबर कोअरच्या मजुरांसाठी आणि पलटणीबरोबरच्या बिगरलढाऊ माणसांसाठी. भिस्ती म्हणजे पाणी वाहणारे, खेचरवाले, झाडूवाले, आचारी. चांदी नाही म्हणून ती वितळली नाहीत आणि म्हणूनच काही टिकली. माझ्या संग्रहातलं मला सगळ्यात प्रिय पदक एका भिस्त्याचं आहे.

आता माणसाकडे येऊ. त्या काळी नंबर पलटणीचा असायचा, सैन्याचा नव्हे. तोच चार आकडी नंबर दहा पलटणींत दहा माणसांना असेल. त्यामुळे नंबर आणि पलटण जोडीनेच शोधायची, नाव सगळ्यात शेवटी. नाव शेवटी, कारण ते कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं. पवारचा पोवार होतो, शिंदेचा सिंदे, जाधवचा जाडो, आणि पुष्कळदा आडनावच नसतं, पुढे बापाचं नाव येतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. तिथे नावाचा रकाना मोकळा सोडा आणि फक्त सर्व्हिस नंबर भरा. पलटण शोधताना 'मराठा'चं त्या काळचं स्पेलिंग वापरा, 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढे दोन 'टी'. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर काही हाती येणार नाही आणि तुम्हाला वाटेल माणूसच नाही. या यादीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू आहेत, म्हणजे युद्धानंतर तापाने गेलेलेही सापडतात.

सापडला तर बहुतेक वेळा तारीख, स्मारकाचं नाव आणि नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. इथे जिल्ह्याने फसू नका. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सातारा नव्हे, आजच्या सांगलीचा बराच भाग त्यात होता. दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि पुढे त्याचं सांगली झालं. 'रत्नागिरी' लिहिलेला माणूस आजच्या सिंधुदुर्गातला असू शकतो आणि 'कुलाबा' म्हणजे आजचा रायगड. औंध, फलटण, जत ही तर संस्थानं होती. तुमच्या विकणाऱ्याचं 'सातारकडची' हे याच अर्थाने घ्या. ते खरं असेल, पण त्यात किमान दोन जिल्हे येतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे तिसरं पदक. ११० मराठा ही सहाव्या पूना डिव्हिजनमधली पलटण. ती १९१४ च्या अखेरीस बसऱ्याला उतरली आणि पुढे कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला आवळला गेला. जवळपास पाच महिने चाललेल्या वेढ्यात माणसांनी घोडे-खेचरं कापून खाल्ली, ज्यांना ते मांस धर्मामुळे चालत नव्हतं ते आणखी खंगले, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. शिपायांना वाळवंटातून चालवत बगदाद, मोसूल, रास-अल-ऐनकडे नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी जण वाटेतच गेले.

आता हिशोब करा. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धभूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला १९१४-१५ स्टार मिळत असे. वेढा त्याआधीच पडला होता. म्हणजे कुतच्या आत असलेल्या प्रत्येक शिपायाला तो स्टार लागू होता. स्टार मिळालेल्याला बाकीची दोन्ही पदकं मिळतच, पण उलट नाही. वॉर मेडल आणि व्हिक्टरी या जोडीचा मालक १९१६ मध्ये किंवा नंतर भरतीच्या तुकडीबरोबर गेलेलाही असू शकतो. तेव्हा तुमच्या शिपायाचा मृत्यू मे १९१६ ते १९१८ मधला आणि कैदेतला निघाला, तर तुमचा संच अर्धवट आहे आणि कुठेतरी एक कांस्याचा तारा आहे. ताऱ्यावर नाव कडेवर नसतं, मागच्या सपाट बाजूवर असतं. त्या विकणाऱ्याकडे लगेच परत जा आणि 'याच गठ्ठ्यात चांदणीसारखा बिल्ला होता का' एवढंच विचारा. घाई करा असं मी एरवी सांगत नाही, पण गठ्ठे आठवड्याभरात फुटतात. पदकं एकमेकांपासून सुटली की पुन्हा जुळवायला पंधरा-वीस वर्षं जातात, तीही नशीब असेल तर. बशीएवढी, बारा सेंटिमीटरची कांस्याची चकती दिसली, नुसतं नाव असलेली, हुद्दा-नंबर नसलेली, तर तीही घ्या. ती मृतांच्या वारसांना मिळायची.

मृतांच्या यादीत सापडला नाही तर बहुधा तो परत आला. ही आनंदाची गोष्ट, पण शोधाच्या दृष्टीने अवघड. कोणाला कोणतं पदक मिळालं याची ब्रिटिश सैनिकांची कार्डं इंटरनेटवर सहज मिळतात, आपल्या शिपायांच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि २०२१ मध्ये लोकांसमोर यायला लागल्या. तुमच्या सातारच्या माणसासाठी मात्र पायपीटच करावी लागेल.

कुठे करायची, हे माझ्या अनुभवातून सांगतो. पहिली जागा म्हणजे गाव. युद्धानंतर सरकारने बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी बसवली, 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यातले इतके कामी आले'. चावडीच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीत ती असते, कधी रंगाखाली दडलेली. नावं नसतात, आकडा असतो, पण त्यावरून गावात फौजी घरं किती हे कळतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि आजही गावाच्या नावामागे लोक 'मिलिटरी' लावतात. दुसरी जागा म्हणजे महसुली कागद. काही सैनिकांना जंगी इनाम, म्हणजे लढाईतल्या कामगिरीबद्दलचं इनाम, मिळालं होतं. इनामाची नोंद, जुने फेरफार, हक्कनोंदणीचे कागद तहसिलात पाहायला मिळू शकतात. त्यातले कित्येक मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. तिसरी जागा बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. पत्र लिहा, नंबर आणि पलटण स्पष्ट द्या आणि थांबा. मात्र १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले हे पत्रात लक्षात ठेवा. ११० ची ३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली आणि तीच आजची २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण. तुमच्या माणसाची नोकरी १९२२ नंतरही चालू राहिली असेल तर नंतरच्या कागदांत तो नव्या नावाखाली येईल. चौथी जागा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे कागद मिळतील म्हणून जाऊ नका. कोणत्या गावात कोणतं घर फौजी, हे तोंडपाठ असलेले माजी सैनिक तिथे भेटतात, म्हणून जा.

पलटणीवरून जातीधर्माचा अंदाजही बांधू नका. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही होते. महार मात्र त्या काळी बराच काळ भरतीबाहेर ठेवले गेले होते. त्यांची १११ वी पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली. तिचं नाव कडेवर असलेलं पदक कधी दिसलं तर मला नक्की कळवा.

परत देण्याबद्दल तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. याचं एकच उत्तर नाही, ते घरावर अवलंबून असतं. माझ्याकडे पंधरा वर्षांपूर्वी ११७ मराठाचं एक व्हिक्टरी मेडल आलं. नंबरावरून शोधलं तर सप्टेंबर १९१६ मधला मृत्यू, स्मारक बसऱ्याचं, बापाचं नाव आणि गाव. गावाचं स्पेलिंग इतकं वेडंवाकडं होतं की नकाशावरची तीन गावं त्यात बसत होती. तिसऱ्या गावात घर सापडलं. त्या शिपायाच्या पुतण्याची सून, ऐंशीच्या पुढची, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पदक हातात दिलं. त्यांनी ते आधी तळहातावर तोललं आणि विचारलं, ''चांदीचं कुठंय?'' मग त्यांनीच सांगितलं. चांदीचं बहात्तरच्या दुष्काळात सराफाकडे मोडीत गेलं. हे दुसरं सराफ घेईना म्हणून पोरांच्या खेळण्यात होतं, नंतर कधी दिसलं नाही. घरात एवढंच ठाऊक होतं की एक जण जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेला तो आलाच नाही. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून कडेवरून फिरवलं आणि एकेक अक्षर वाचलं. नाव संपलं तिथे त्या म्हणाल्या, ''परत वाचा.'' मी तीनदा वाचलं. पदक त्या घरी ठेवून आलो.

पण दुसऱ्या एका घरी दोन भावांच्या शाखांत त्या पदकावरून माझ्यासमोर भांडण झालं, आणि एका ठिकाणी नातवाने स्वच्छ सांगितलं की आम्हीच ते विकलं होतं, परत नको. तेव्हा आता मी असं करतो. आधी पदक नेत नाही. कडेचा मोठा फोटो आणि सापडलेली नोंद छापून नेतो, सरपंचांना किंवा शाळेच्या गुरुजींना बरोबर घेतो, घरच्यांचं ऐकतो. नाव-गाव सगळीकडे जाहीर करून 'वारस कोण' असं विचारत नाही. त्याने खरा वारस मागे राहतो आणि मोठ्या आवाजाचा पुढे येतो. घरच्यांना हवं असेल तर देतो, नको असेल तर शोधाचे कागद तरी देतो. कागद आजवर कोणीही नाकारलेले नाहीत.

परदेशात पाठवायचा सल्ला मात्र साफ झिडकारा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ही पदकं घडली त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी सातारच्या शिपायाचं नाव लंडनच्या एखाद्या कपाटात गेलं की त्याच्या गावापर्यंत पोचायची वाट जवळपास बंद होते.

ठेवायचं कसं, तेही सांगतो. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या रसायनाने कांस्य हिरवं होतं. आम्ल नसलेल्या कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कडेला बोट लावू नका, घामाने डाग पडतो. विकत घेतल्याची तारीख, ठिकाण आणि विकणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. 'सातारकडची' हा शब्दही त्यात हवा, दहा वर्षांनी तोच धागा ठरू शकतो.

तुम्ही लिहिलेल्या नंबरातला तिसरा आकडा मला खटकतोय. दोन पदकांपैकी एकावर तो ३ दिसतो आणि दुसऱ्यावर ८, असं तुम्हीच म्हणता. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक हळूहळू फिरवा. सावली अक्षराच्या खाचेत पडली की आकडा स्वच्छ दिसतो. तरी नाही दिसला तर कडेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी, अगदी हलक्या हाताने फिरवा. आधी तो आकडा पक्का करा, मग दोन्ही नंबरांनी यादीत शोधा, आणि तारीख सापडली की इथेच लिहा. मे १९१६ नंतरची, कैदेतली असेल तर ताऱ्याच्या मागे आपण दोघं मिळून लागू.